साठ मीटर, पस्तीस सेकंद

४ मे

साडेपाचला जिम, पावणेआठला घरी. नऊ ते बारा अभ्यास. बारा ते सहा दुकान. सात चाव्या कापल्या, दोन कुलपे दुरुस्त केली. सात ते साडेनऊ पुन्हा अभ्यास. त्यातला शेवटचा अर्धा तास पान नुसते उघडे होते.

ही वही ट्रेनरनी ठेवायला सांगितली. किती झोपले, काय खाल्ले, किती उचलले, किती वाचले, सगळे रोज लिहायचे. ते सगळ्यांचे सगळे मोजतात, म्हणून जिममध्ये त्यांना मागून मोजपट्टी म्हणतात. मी तोंडावर सर म्हणते. इथे मोजपट्टी लिहिले तरी चालेल, वही मी त्यांना दाखवणार नाही.

अग्निशमन अधिकारी पदाची शारीरिक चाचणी दोनदा पुढे ढकलून आता बारा जूनला आहे आणि लेखी वीस जूनला. चाचणीत पंचावन्न किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन साठ मीटर पळायचे, पस्तीस सेकंदांत. लेखीत शंभर प्रश्न. दोन्हींत पास व्हावे लागते. अर्ज भरला तेव्हा वयोमर्यादेला माझे चार महिने उरले होते. म्हणजे पुढच्या खेपेला मी नाही.

बाबांना जाऊन काल सोळा आठवडे झाले.

झोप पाच तास.

६ मे

जिममध्ये पुतळा आला. मोजपट्टींनी माझ्यासाठी मुद्दाम शिवून घेतला. जाड ताडपत्री, आत वाळू आणि टायरचे तुकडे. हात, पाय, डोके, सगळे आहे. दहा मिनिटांत त्याचे नाव 'पाहुणे' पडले. "पाहुण्यांना उठवा." "पाहुणे दारातच आडवे झालेत, कोणीतरी चहाचं विचारा." बेकरीवाल्या बाई रोज पहाटे भट्टी लावून जिमला येतात आणि सगळ्यांत जास्त बोलतात. त्या म्हणाल्या, "इतका गप्प बसणारा पुरुष मला वेळेवर भेटला असता, तर मीच उचलून नेला असता."

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

जिमच्या मागे गोदामाचा बोळ आहे. तिथे तीस मीटर मोजून खडूची रेघ मारली आहे. जायचे, वळायचे, परत यायचे. माझी वेळ एक्केचाळीस सेकंद.

मला वाटले घड्याळ चुकले. पुन्हा केले. त्रेचाळीस.

मागच्या नोव्हेंबरात मी हे एकोणतीस सेकंदांत करत होते. तेही बाबांना घेऊन. आणि बाबा चौसष्ट किलोंचे होते.

७ मे

नीट लिहून काढते, म्हणजे कुठे चुकते आहे ते कळेल.

मागच्या वर्षी फेब्रुवारीपासून बाबा माझा पुतळा होते. आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत बरोबर तीस मीटर आहे. संध्याकाळी दुकानातून आले की ते दारातूनच ओरडायचे, "हमाल, सामान आलंय!" मी त्यांना खांद्यावर घ्यायची. त्यांचे डोके माझ्या पाठीमागे खाली, हातात माझे पुस्तक. तसेच उलटे लोंबकळत ते प्रश्न विचारायचे.

"तेलाला आग लागली. पाणी मारशील?"

"नाही."

"मग काय मारशील? बाता?"

"फेस."

"शाब्बास. जरा डावीकडे घे, कुंडी आहे."

शेजारच्या काकू दार उघडून बघायच्या, आणि बाबा उलट्या मानेनेच त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे. एकदा मला म्हणाले, "तुझ्या उजव्या बुटाची टाच आतून झिजलीय. इथून सगळं दिसतं."

त्यांच्या जाकिटाचे खिसे कायम जड असायचे. कुलपे, चाव्यांचे जुडगे. माझ्या गळ्याच्या हाडाला लागायचे. मी वैतागायची, "बाबा, खिसे रिकामे करून येत जा ना." ते म्हणायचे, "सरळ दुकानातून आलोय, जीव खाऊ नकोस."

वेळा मी त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहीत असे. फेब्रुवारी ४४. एप्रिल ४१. जून ३९. ऑगस्ट ३६. ऑक्टोबर ३२. नोव्हेंबर २९. सुरुवातीला बाबा खूप चुळबुळ करायचे. पुढे त्यांनाही सवय झाली, अगदी अंग सोडून पडायचे. शेवटी शेवटी त्यांचे कमरेचे हाड माझ्या मानेला टोचायचे, त्रास काय तो तेवढाच.

डिसेंबरात ते अचानक आजारी पडले. पोटाचा आजार. डॉक्टर म्हणाले, फार पसरला आहे. पाच आठवड्यांत गेले.

पुतळा त्यांच्यापेक्षा नऊ किलोंनी हलका आहे. मग मी एवढी ढासळले कशी?

११ मे

एक्केचाळीसच.

काल आठवड्याच्या सराव परीक्षेत शंभरात एकसष्ट. सत्तर तरी हवेत. जिमला दीड तास जास्त दिला की अभ्यास मार खातो. पहाटे अभ्यास केला की जिममध्ये पाय उचलत नाहीत. दोन्ही केले की दुकानात चुका होतात. आज एका गृहस्थांची चावी भलत्याच पट्टीवर कापली. ते घरी जाऊन परत आले, तेही जिने चढून-उतरून. म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या हातची चावी तेल लावल्यासारखी फिरायची." मी दुसरी करून दिली. माझ्या डोक्यात तेव्हा फेसाचे प्रकार चालू होते.

 

१५ मे

मोजपट्टींना विचारले. ते म्हणाले, "जिवंत माणूस खांद्यावर स्वतःला सावरतो. आपला थोडा भार आपणच घेतो. वाळू सावरत नाही. त्यामुळे फरक पडतो."

"बारा सेकंदांचा?"

त्यांनी डोके खाजवले. "बारा जरा जास्त आहे."

बेकरीवाल्या बाई ऐकत होत्या. "मग मला उचल. मी सत्तर किलोंची आहे, पाव सोडून. जिवंतही आहे, विचार कोणालाही."

त्या पुढे येऊन उभ्याही राहिल्या. मी वाकले, त्यांच्या मनगटाला हात लावला. मनगट गरम होते. मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "पुतळाच बरा." त्यांनी तो माझ्यापुढे ओढून दिला. 

मला वाटते की मी मनाने खचले आहे आणि त्यामुळे शरीरही खचले आहे. तसे असेल तर महिन्याभरात काय होणार?

२० मे

चाळीस.

मोजपट्टींनी मागच्या वर्षीच्या वेळा आणायला सांगितल्या होत्या. पुस्तक दाखवले. त्यांनी पान बोटाने वरून खाली वाचले.

"वडिलांचं वजन किती होतं म्हणालीस?"

"चौसष्ट."

"कधी केलं होतं?"

"सुरुवातीला. फेब्रुवारीत."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? माहीतच होतं ना."

ते पुन्हा पान बघत राहिले. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिले. बोळात जाऊन त्यांनी खडूची रेघ पुन्हा गडद केली. ती तशीही चांगली दिसत होती. परत येऊन म्हणाले, "आज एवढं पुरे. घरी जा." वीस मिनिटे बाकी होती. एक मिनिट कधी सोडत नाहीत असा माणूस. त्यांना काय झाले कळले नाही.

२१ मे

कपाटातून दवाखान्याची फाईल काढली. पहिल्याच कागदावर दाखल करतानाचे वजन आहे. तीन डिसेंबर. त्रेचाळीस किलो.

एकोणतीस सेकंद सव्वीस नोव्हेंबरचे आहेत.

२२ मे

आईला विचारले. ती भांडी पुसत होती.

"बाबा कधीपासून आजारी होते?"

तिने हातातले ताट ठेवले नाही. "फाईल काढलीस का?"

"हो."

"मे महिन्यात पहिल्यांदा दाखवलं."

"मे? सात महिने आधी?"

"तुझी परीक्षा ऑक्टोबरात होती. म्हणाले, तेवढी होऊ दे, मग सांगू. ती ढकलली जानेवारीवर. म्हणाले, इतके दिवस थांबलो, अजून तीन महिने. मग डिसेंबरात त्यांनाच उठवेना."

"औषध, उपचार?"

"चालू होते ना. दुपारी दुकान बंद करून कुठे जायचे? तुला वाटायचं झोपतात."

मला तसेच वाटायचे. मी त्यावरून त्यांना चिडवतही असे.

"आणि मी त्यांना रोज खांद्यावर टाकून पळवत होते."

"तेच तर त्यांना हवं असायचं. दिवसभर त्यासाठी ताकद राखून ठेवायचे. वजन उतरायला लागलं तेव्हा म्हणाले, हिला खांद्यावर कळेल. म्हणून कुलपं भरायला लागले खिशात. संध्याकाळी मी खिसे रिकामे करायची, सकाळी तीच कुलपं डब्याच्या पिशवीत घालून परत द्यायची. मी म्हणायची, अहो, धड उभं राहवत नाही आणि हे लोखंड कशाला? तर म्हणायचे, तिचा सराव कच्चा राहील." आईने ताट दुसऱ्यांदा पुसले. "सप्टेंबरनंतर जाकीटच पेलेना. मग राहिलं."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर परीक्षा सोडून बसली असतीस."

"हो. बसले असते."

"मग?"

 ती ताट मांडणीत लावायला गेली.

सव्वीस नोव्हेंबरला मी 'एकोणतीस!' म्हणून ओरडले होते. बाबांनी उलटे लोंबकळतच टाळ्या वाजवल्या होत्या. एका हाताला पुस्तक होते, म्हणून मांडीवर थाप मारल्यासारख्या. माझ्याच पाठीवर.

मी त्यांना रोज हाताने धरत होते. पाठीवर, मांडीखाली, मनगटाला. एवढे जवळून डॉक्टरनेही धरले नसेल.

२९ मे

सात दिवस जिमला गेले नाही. मोजपट्टींना बाबांच्या वजनाचे दोन आकडे फोनवर कळवले, बाकी काही नाही. अभ्यासही नाही. दुकान उघडते, बंद करते.

आज बेकरीवाल्या बाई दुकानात आल्या. चावी करायची आहे म्हणाल्या आणि हातावर सायकलच्या कुलपाची चावी ठेवली.

"किती करू?"

"कर एक. घाई नाही." स्टूल ओढून बसल्या. मोजपट्टींना त्या मास्तर म्हणतात. "मास्तर रोज पाहुण्यांची धूळ झटकतात. परवा पाहुण्यांची मान फाटली, तर दाभण घेऊन स्वतः शिवत बसले होते. चष्मा नाकावर. मला म्हणाले, हसू नका."

मी यंत्र चालू केले. आवाजात बोलता येत नाही, ते बरे होते. बंद केल्यावर त्या म्हणाल्या, "यायचं नसेल तर येऊ नकोस. पण तसं सांग त्यांना. ते पाच वाजता येऊन बोळाचा दिवा लावून ठेवतात."

"मी काही कमावलंच नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटत होतं, मी ताकद कमावतेय."

माझ्या तोंडून हे कसे गेले माहीत नाही. मी कोणाशी असे बोलत नाही.

त्यांनी चावी उजेडात धरून दाते बघितले. "चौसष्टवरून त्रेचाळीस, होय? मास्तरांनी तेवढंच सांगितलं. बाकी विचारलं तर माझ्यावरच डाफरले." मग म्हणाल्या, "त्या दिवशी मास्तर पान वाचत होते ते मीही पाहिलं. चव्वेचाळीस सेकंद होते ना पहिल्या दिवशी? चौसष्ट किलोंना? ते खरे होते की."

त्या गेल्यावर मी ते पान काढून बघितले. चव्वेचाळीस खरे आहेत. बहुतेक एप्रिलचे एक्केचाळीसही.

३० मे

गेले. दिवा लावलेला होता. मोजपट्टी म्हणाले, "सात दिवस बुडाले. तेरा उरले." एवढेच.

चाळीस सेकंद. आज हा आकडा खोडावासा वाटला नाही. तो माझा आहे. पण तेरा दिवसांत पाच सेकंद कुठून आणायचे?

३ जून

अडतीस. मोजपट्टी म्हणतात मी सगळा वेळ वळताना घालवते. पुतळ्याचे पाय बाहेर फेकले जातात आणि मला ओढतात. बाबा वळताना पाय आखडून घ्यायचे, हे मला आज कळले. फेब्रुवारीपासूनच घ्यायचे.

आता वळायच्या आधी पावले बारीक करते. दिवसभर घरात, दुकानात तशीच वळते. आई म्हणाली, "नाचतेस काय?"

सराव परीक्षा चौसष्ट. चार दिवसांच्या अभ्यासावर वाईट नाही. पण सत्तर नाहीत.

८ जून

छत्तीस, छत्तीस, सदतीस.

प्रश्न ध्वनिमुद्रित करून फोनवर ऐकत पळून बघितले. स्वतःचाच आवाज आणि स्वतःचीच उत्तरे. दुसऱ्या फेरीनंतर बंद केले.

 

१० जून

पस्तीस आणि काही दशांश. मोजपट्टी दशांश सांगत नाहीत. म्हणाले, "उद्या काही करायचं नाही. चालायलासुद्धा नाही. झोपायचं." बेकरीवाल्या बाईंनी पावाची लादी दिली, गरम. मोजपट्टी म्हणाले, "चाचणीच्या आधी हे?" त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मोजा, मी खाऊ घालते. आपापली कामं करू या."

१२ जून

मैदानावर एकशेदहा जण होते, त्यात आम्ही बायका नऊ. उन्हात चार तास रांग. माझा नंबर सत्त्याऐंशी. बायकांपैकी पाच जणी माझ्या आधीच बाहेर पडल्या. एकीने पुतळा खांद्यावर घेतला आणि तशीच मागे बसली.

त्यांच्या पुतळ्याला जवानांचा जुना कोट घातलेला होता, बटणे लावलेली. मला हे कोणी सांगितले नव्हते. एक गुडघा टेकायचा, मांडीवर ओढायचे, मग उठायचे, हे सगळे पाठ होते. मी गुडघा टेकला आणि तशीच राहिले. शिट्टीनंतर वेळ सुरू होते, उठल्यानंतर नाही. अधिकारी म्हणाला, "काय झालं? उचलायचंय ना?"

उचलले.

वळताना पाय बाहेर गेले नाहीत. परतीच्या वाटेवर शेवटच्या दहा मीटरांत मला काही ऐकू येत नव्हते, फक्त माझेच बूट.

चौतीस पूर्णांक चार.

अधिकाऱ्याने कागदावर शिक्का मारला आणि विचारले, "पळताना कोणाशी बोलत होतात?"

मी म्हणाले, "पाढे म्हणत होते."

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. मी मान हलवली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जिथे वळ उठला आहे तिथेच, आणि लगेच काढून घेतला.

मोजपट्टींना फोन केला. ते म्हणाले, "चाचणी सहा दशांशांनी पास. म्हणजे सात दिवस बुडवले नसतेस तर दीड सेकंदानं झाली असतीस." 

१५ जून

लेखी परीक्षा पुढे ढकलली. प्रशासकीय कारणास्तव. नवी तारीख नऊ ऑगस्ट.

फोनवर सूचना आली तेव्हा आई चहा गाळत होती. मी मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरंच झालं की. अभ्यासाला वेळ मिळाला." आणि चहा कपाच्या बाजूला ओतत राहिली. ओट्यावरून धार खाली आली तेव्हा तिला कळले.

मी तिच्याकडे बघितले. गेले कित्येक महिने मी तिच्याकडे बघतच नव्हते, असे वाटले. ती डोके थोडे डावीकडे वळवून धरते. सगळ्या गोष्टी उजव्या बाजूने बघते.

"आई, तुला काही सांगायचं असेल तर आजच सांग."

"काय सांगायचंय? फडकं दे."

"आई."

तिने फडके घेतले, ओटा पुसला, फडके पिळले. "डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं. फार नाही."

"कधीपासून?"

"आता तारीख लिहून ठेवू की काय मी? झाले असतील पाच-सहा महिने." फडके वाळत टाकायला ती गेली आणि दोरीच चुकली. म्हणाली, "हसू नकोस." मी हसत नव्हते.

१७ जून

सकाळी जिमला नाही, अभ्यासही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे सव्वातीन तास. मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर म्हणाल्या की आधी यायला हवे होते, पण अजून उशीर झालेला नाही. शस्त्रक्रियेसाठी चार ऑगस्टची तारीख आहे. ती नको असेल तर थेट ऑक्टोबर. नंतरचे आठ दिवस दर दोन तासांनी थेंब, वाकायचे नाही, डोक्यावरून पाणी नाही, जवळ कोणीतरी हवेच.

आई म्हणाली, "ऑक्टोबर लिहा. हिची नऊला परीक्षा आहे."

मी म्हणाले, "चार लिहा."

"अहो, हिची शेवटची संधी आहे," आईने डॉक्टरांनाच सांगितले. "आठ दिवस हिनं थेंब घालत बसायचं? मला काही होत नाही ऑक्टोबरपर्यंत. एक डोळा चांगला आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. पेन कागदावर टेकलेला होता. चार ते नऊ. तेच पाच दिवस उजळणीचे. सराव परीक्षेत अजून चौसष्टच आहेत, सत्तर एकदाही नाहीत. हे सगळे माझ्या मनात येऊन गेले. आले नाही असे लिहिले तर खोटे होईल.

"चार," मी म्हणाले. "नऊला दोन तास शेजारच्या काकू बसतील."

आईने कागद पिशवीत घातला आणि पुढे चालू लागली. लिफ्टमध्ये म्हणाली, "नापास झालीस तर माझ्या डोळ्यावर ढकलू नकोस."

"ढकलेन."

"ढकलशील. बापावर गेलीयस, तोही कोणाचं ऐकायचा नाही."

जेवण झाल्यावर ती माझी तक्रार सांगायला काकूंकडे गेली. भिंतीतून तिचा आवाज येतो आहे, शब्द कळत नाहीत. मध्येच काकू हसल्या.

दुकान आज उघडले नाही. पुस्तक टेबलावर आहे. सात वाजता बसेन. तोपर्यंत गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले. मोठी चादर घडी करायला दोघे लागतात. दोन कोपरे हनुवटीखाली धरले, उरलेले दोन हातांत घेऊन जुळवले. मधला भाग जमिनीला लागला. झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.